पदेराचा भोंगा ते कौलांवरचा पाऊस : रोजचे आवाज रेकॉर्ड कसे करावेत

आमच्या विहिरीवर लाकडी कप्पी होती. पहाटे आजी पहिली कळशी सोडायची तेव्हा ती कुरकुरायची आणि भरलेली कळशी वर येताना त्याच कुरकुरीचा सूर बदलायचा. पुढे पंप बसला आणि कप्पी माळ्यावर गेली. जुन्या फोटोत विहीर आहे, आजी आहे, कळशीसुद्धा आहे. आवाज मात्र कुठेच नाही. त्या काळी घरात टेपरेकॉर्डर होता, कोऱ्या कॅसेटी होत्या. त्यांवर आम्ही रेडिओवरची गाणी भरून घेतली, जी आज कुठेही मिळतात.

म्हणून सुरुवात यंत्रापासून करू नका. एक वही घ्या.

आधी यादी

एक पूर्ण दिवस कान देऊन घरात वावरा आणि ऐकू येईल ते वेळेसकट लिहा. गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या आमच्या कुळागरातल्या (सुपारी-नारळाच्या बागेतल्या) घराची यादी अशी निघाली: पाच चाळीसला लांबच्या देवळातली घंटा, सहाच्या सुमारास पदेराचा (सायकलवरून पाव विकणाऱ्याचा) भोंगा, मग आदोळीवर (विळीवर) नारळ खवणल्याचा खरखराट, पाटाचं पाणी, सुपारीच्या झाडावरून सुटलेलं झावळ, नुस्तेकाराच्या (मासेविक्याच्या) स्कूटरचा वेगळा भोंगा, दुपारी भारद्वाजाचं घुमणं, तिन्हीसांजेला शेजारच्या नातवंडांचं ‘शुभं करोति’. शेवटून दुसरी ओळ होती ‘फ्रिज’. तो दिवसभर घुमत होता, पण बंद पडला तेव्हा कुठे मला ऐकू आला.

कॅनडाचे संगीतकार आर. मरे शेफर यांनी व्हँकुव्हरजवळच्या सायमन फ्रेझर विद्यापीठातून परिसराच्या आवाजांचा अभ्यास सुरू केला. प्रत्येक गावाला एक पायाभूत आवाज असतो आणि सवयीमुळे तो गावकऱ्यांच्या कानांना जाणवतच नाही, हे त्यांचं निरीक्षण. आपल्याकडे तंबोऱ्याचं उदाहरण चपखल बसतं: गाणं ऐकताना तंबोरा लक्षात राहत नाही, पण तो थांबला की सगळं उघडं पडतं. यादीत असे आवाज मुद्दाम शोधा. मग तीन खुणा करा: लवकरच जाणार असलेले, वर्षातून एकदाच येणारे आणि रोजचे. रेकॉर्डिंगचा क्रमही हाच ठेवा. समुद्राची गाज पुढच्या वर्षीही असेल, शेजारच्या काकींचा वाटणाचा रगडा असेलच असं नाही.

फोन चालेल, पण त्याची खोड मोडावी लागते

फोनचं रेकॉर्डिंग ॲप माणसाचं बोलणं टिपायला बनवलेलं असतं. त्याच्या लेखी पाऊस, रातकिडे, पंखा हा सगळा कचरा. त्यामुळे ते गुपचूप दोन कामं करतं: सतत चालणारा आवाज दाबतं आणि जरा शांतता झाली की पातळी वर ओढतं. मग रातकिडे पाण्याखालून बोलल्यासारखे ऐकू येतात.

तुमचा फोन हे करतो का, ते पाहायला एक मिनिट पुरतं. पंखा लावा, फोन हातभर अंतरावर ठेवा, अर्धा मिनिट रेकॉर्ड करा आणि इअरफोन लावून ऐका. पंख्याचा आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा असेल तर ठीक. दोन-तीन सेकंदांनी तो मागे सरकत गेला, तर आवाज दाबण्याची सोय चालू आहे. आयफोनमध्ये सेटिंग्जमधल्या व्हॉइस मेमोजच्या पानावर ऑडिओ क्वालिटी ‘लॉसलेस’ करा. अँड्रॉइडवर वेव्ह फाईल बनवणारं आणि नॉइज सप्रेशन (आवाज दाबणं) व ऑटो गेन (पातळी आपोआप वर ओढणं) बंद करू देणारं ॲप निवडा. माईकचा स्रोत निवडायची सोय असेल तर ‘अनप्रोसेस्ड’ घ्या. अँड्रॉइड ७ पासून ही सोय प्रणालीत आहे, पण प्रत्येक फोन ती देतोच असं नाही.

बाकी किरकोळ: कव्हर काढा, विमान मोड लावा, आणि माईकचं भोक (बहुतेक फोनांत खालच्या कडेला असतं) आवाजाकडे करा.

रेकॉर्डर घ्यायचाच असेल तर

महिनाभर फोनवर काम करून गोडी टिकली तरच घ्या. माझ्या ओळखीत तीन रेकॉर्डर पहिल्या पावसाळ्यानंतर कपाटात गेले आहेत.

हातात मावणारा, दोन माईकचा रेकॉर्डर आपल्या कामाला पुरतो. घेताना एकच गोष्ट नीट तपासा: माईकचा स्वतःचा सूंऽऽ आवाज, ज्याला सेल्फ नॉइज म्हणतात. बाजारात तो ऐकूच येत नाही, कारण तिथे सगळंच मोठ्याने चालू असतं. रात्री अकराला कुळागरात मात्र तोच आधी ऐकू येतो. हा आकडा जितका कमी तितकं बरं. प्रिमो कंपनीच्या ईएम २७२ या छोट्या कॅप्सूलचा (माईकच्या आतल्या आवाज टिपणाऱ्या भागाचा) सेल्फ नॉइज १४ डेसिबलच्या आसपास आहे, म्हणून हौशी मंडळींत त्यांचे जोडमाईक लोकप्रिय आहेत. टोपीच्या दोन बाजूंना, कानांजवळ, एकेक अडकवला की हेडफोनवर ऐकताना आपण तिथेच उभे आहोत असं वाटतं.

झूम कंपनीचे एफ३ आणि एच१ इसेन्शियल हे रेकॉर्डर ३२ बिट फ्लोट पद्धतीने रेकॉर्ड करतात, म्हणजे पातळी आधी चुकली तरी नंतर सावरता येते. पण आवाज माईकलाच झेपला नाही, तर ही पद्धतही काही करू शकत नाही.

बाकी सगळ्या यंत्रांवर मांडणी अशी: वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, ऑटो लेव्हल बंद. मिनिटाला सुमारे १७ एमबी आणि तासाला एक जीबीच्या किंचित वर जागा लागते, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात साधारण तीस तास. पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबेल. काटा शून्याला टेकला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. शांत जागी काटा फार खाली राहिला तरी घाबरून गेन वाढवू नका. २४ बिटमध्ये नंतर उचलायला भरपूर वाव असतो.

पहिला धडा : पदेर

गोव्यात शिकायला याच्याइतका चांगला विषय नाही. रोज येतो, वेळ ठरलेली, आणि चुकला तर उद्या पुन्हा येतो.

तो यायच्या दहा मिनिटं आधी यंत्र सोप्यावर मांडा. हातात धरू नका. बोटं जराशी हलली तरी खरखर होते. घडी केलेल्या टॉवेलवर किंवा छोट्या ट्रायपॉडवर ठेवा, भिंतीपासून दोन हात पुढे. बटण दाबा आणि आत जा. हो, आत जा. पहिले काही दिवस मी शेजारीच बसायचो आणि प्रत्येक फाईलमध्ये माझा श्वास, गुडघ्याचा कटकन आवाज आणि पोटातली गुडगुड आहे.

भोंगा वळणावर ऐकू येतो, मग कुत्रं भुंकतं, सायकलचा स्टँड, टोपलीवरचं प्लॅस्टिक बाजूला सारल्याची सळसळ, ‘दोन पोयी, चार उंडे’, चिल्लर, आणि भोंगा डावीकडून उजवीकडे निघून जातो. दोन माईक असतील तर हे जाणं स्पष्ट ऐकू येतं. तो गेला की लगेच बंद करू नका. रिकाम्या रस्त्याची दोन मिनिटं राहू द्या. शेवटी दबक्या आवाजात बोला: तारीख, वेळ, जागा, यंत्राचं तोंड कुठे होतं. हे सुरुवातीला न बोलता शेवटी बोलायचं, कारण सुरुवातीला बोललात तर जवळचे पक्षी गप्प होतात. दहा मिनिटांची फाईल १७० एमबीच्या आसपास जाईल. जाऊ दे.

घरातले आवाज

घरात शत्रू एकच: वीज. आपल्या विजेची ५० हर्ट्झची घूं आणि तिची पिल्लावळ (१००, १५०) ट्यूबलाइट, इन्व्हर्टर, चार्जर सगळीकडून येते. शक्य ते बंद करा. फ्रिज बंद करताना स्कूटरची चावी फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे तो पुन्हा चालू केल्याशिवाय तुम्ही बाहेर पडणार नाही. हे चित्रपटवाल्यांचं जुनं शहाणपण. मी ते न ऐकल्यामुळे आमच्या घरी किलोभर इसवण (सुरमई) वाया गेलं होतं.

पावसाळ्यात लाइट गेली की बाकी मंडळी वैतागतात, आम्ही रेकॉर्डर शोधतो. पंप, फ्रिज, शेजारचा टीव्ही, सगळं एकदम थांबतं आणि गाव चाळीस वर्षं मागे जातं. जून ते सप्टेंबर बॅटऱ्या कायम भरलेल्या ठेवा.

स्वयंपाकघरात यंत्र फोडणीच्या समोर नको, बाजूला नि हातभर लांब ठेवा. वाफ आणि तेल माईकचं नुकसान करतात. आदोळी जमिनीवर असते, तेव्हा यंत्रही जमिनीच्याच उंचीवर, पण वेगळ्या पाटावर. एकाच फरशीवर ठेवलं तर हादरे माईकमध्ये शिरतात.

पाऊस

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे संधी भरपूर. तरीही पहिला पाऊस एकदाच येतो. मेअखेरपासून यंत्र दाराजवळ तयार ठेवा.

नवख्या माणसाचं पावसाचं रेकॉर्डिंग बहुधा बिघडलेल्या रेडिओसारखं खरखरतं, कारण त्याने यंत्र मोकळ्यावर धरलेलं असतं. पावसाला स्वतःचा आवाज फारसा नसतोच, तो कशावर पडतो त्याचा आवाज असतो. कौलं, पत्रा, केळीचं पान, माडाची झापं, चिऱ्याची पायरी, तुळशीपुढची घागर. यातली एखादी जवळची वस्तू निवडा, दोन-तीन मीटर मागे थांबा आणि बाकीचा पाऊस मागे राहू द्या. पागोळ्यांखाली रिकामा तांब्या उपडा घातला तर काय होतं ते करून पाहा.

यंत्र पावसात ठेवावंच लागलं तर छत्री नको. तिचा ढोल होतो, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीचा ताशा. काथ्याची पायपुसणी घ्या, चार काठ्यांवर यंत्राच्या वीतभर वर आडवी बांधा. थेंब काथ्यात फुटून मुरतात, टपटप होत नाही. पायपुसणी पूर्ण भिजली की खालून ठिबकू लागते, म्हणून तिला थोडा उतार द्या.

पाऊस थांबल्यावरची वीस मिनिटं पावसापेक्षा सरस असतात: पानांवरून निथळणं, पन्हाळीची शेवटची धार, मग बेडूक. जूनच्या रात्री शेतात साचलेल्या पाण्याजवळ मोठे बेडूक एका लयीत ओरडतात. तिथे बॅटरी घेऊन जाताना शेताच्या मालकाला आधी सांगून ठेवा. बेडूक पकडण्यावर वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, तरी पकडणारे असतात, आणि अंधारात वाकून चालणारा माणूस लोकांना त्यांच्यातलाच वाटतो. माझी झडती एकदा झाली आहे. पिशवीत रेकॉर्डर आणि पायपुसणी निघाल्यावर तो माणूस जास्तच बुचकळ्यात पडला.

दमट हवेत माईक मधूनच तडतडू लागतात. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. एसी खोलीतून किंवा गाडीतून थेट बाहेर काढू नका. पंधरा-वीस मिनिटं बंद पिशवीतच राहू द्या, नाहीतर चष्म्यावर धुकं धरतं तसं माईकच्या पडद्यावर धरतं.

वारा

वारा आपल्या कानाला वारा वाटतो. माईकला तो धडाधड बुक्के मारतो. यंत्राबरोबर येणारं स्पंजचं टोपडं फुंकरीपुरतं. केरीच्या किनाऱ्यावर त्याचा काही उपयोग होत नाही. लांब केसांची फर हवी. विकत मिळते, किंवा मुलांच्या जुन्या केसाळ खेळण्याचं कापड सैलसर शिवून चालतं. घट्ट शिवू नका. माईक आणि कापड यांच्यात हवा राहिली पाहिजे. तेवढंही नसेल तर चिऱ्याच्या गडग्याआड बसा.

समुद्र पाण्याच्या काठावरून घेतला तर नुसता गोंगाट येतो. सुरूच्या झाडांमागून घेतला तर लाट येते, फुटते आणि मागे सरते. दूधसागराचंही तेच. ३१० मीटर उंचीचा धबधबा डोळ्यांना थक्क करतो, पण जवळून कानाला टीव्हीवरच्या मुंग्यांसारखा लागतो. लांब जा, किंवा खालचा एखादा लहान ओहोळ घ्या.

प्रवासात

फेरीबोटीपासून सुरुवात करा, कारण तिचे आवाज बदलत आहेत. २०२५ मध्ये रायबंदर–चोडण मार्गावर नव्या रो-रो फेरी सुरू झाल्या. जुन्या फेरीबोटीची मजा तिच्या क्रमात आहे: धक्क्यावरची वाट पाहणारी कुजबुज, फळी पडल्याचा धडाका, साखळ्या, स्कूटरी चढतानाचे लोखंडी ठोके, इंजिनाची सुरुवात, मग मध्यभागी आल्यावर पाण्याचा आवाज, आणि पलीकडचा काठ जवळ येताच एकामागून एक सुरू होणाऱ्या वीस-पंचवीस गाड्या. हा पूर्ण क्रम एकाच फाईलमध्ये हवा. तुकडे करू नका. इंजिनापासून जमेल तितकं दूर, कठड्याजवळ उभे राहा, पण यंत्र कठड्यावर टेकवू नका, थरथर येते. पातळी फळीच्या धडाक्याला जुळवा, कुजबुजीला नाही. पहिल्या वेळी मी उलटं केलं होतं. जुने गोवे–दिवाडी आणि केरी–तेरेखोलच्या फेऱ्यांचा ताल पुन्हा वेगळा आहे.

बसमध्ये मधली, खिडकीपासून एक सोडून सीट. कंडक्टरचं ‘पणजी पणजी पणजी’ स्टँडवर, दाराबाहेर उभं राहून घ्या.

मडगावहून मुंबईला दिवसा जायचं तर मांडवी एक्सप्रेसचा साधा, खिडक्या उघडणारा डबा घ्या. वाटेत रत्नागिरीजवळ करबुडे बोगदा आहे, साडेसहा किलोमीटरचा. मोकळ्यावर रुळांचा आवाज पसरून जातो, बोगद्यात तोच भिंतींवर आपटून दुप्पट होऊन परततो. पातळी बोगद्यासाठी ठेवा आणि शिरण्याआधी दोन-तीन मिनिटं सुरू करा. आत शिरण्याचा आणि बाहेर पडण्याचा क्षण हाच तर त्या रेकॉर्डिंगचा जीव. यंत्र खिडकीबाहेर काढू नका, वाऱ्यात काहीच मिळत नाही. मांडीवर मफलरच्या घडीत ठेवा.

दाभोळी विमानतळ नौदलाच्या तळावर आहे. तिथे यंत्र पिशवीतच बरं.

देऊळ, घुमट आणि माणसं

देवळात आधी देवस्थानाच्या कार्यालयात विचारा. ‘आरतीच्या वेळी सभामंडपाच्या मागच्या खांबाजवळ बसेन, उठणार नाही’ असं नेमकं सांगितलं की बहुतेक वेळा होकार मिळतो. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे यांसारख्या देवळांत गर्दी नको असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. पणजीच्या चर्चची घंटा पायऱ्यांखालून न घेता समोरच्या बागेतून घ्या. तिथे तिच्याबरोबर शहरही येतं. ही घंटा मूळची जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची, म्हणजे मालक बदलूनही टिकलेला आवाज.

चवथीची (गणेश चतुर्थीची) घुमट आरती हे सर्वांत अवघड काम. घुमट म्हणजे तोंडावर कातडं ताणलेलं मातीचं वाद्य. घुमटाची थाप, शामेळ या ढोलाचा कडकडाट आणि कासाळ्याची (झांजांची) झणझण एकाच खोलीत असतात. तीन-चार मीटर लांब, कोपरा सोडून, आणि पातळी नेहमीपेक्षा बरीच खाली: मोठी थाप उणे १८ ला थांबली तर उत्तम, कारण तिसऱ्या आरतीला वाजवणारे चढतात. घुमट २०१९ पासून गोव्याचं राज्य वारसा वाद्य आहे. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं असे. घोरपडीला कायद्याचं संरक्षण असल्याने आता बकऱ्याचं लावतात, आणि जुने वाजवणारे सांगतात की नाद पालटला. तुमच्या घरी ऐंशीच्या दशकातल्या चवथीच्या कॅसेटी असतील तर नवं रेकॉर्डिंग करण्याआधी त्या डिजिटल करून घ्या. बुरशी वाट पाहत नाही.

माणसं ओळखू येतील असं बोलणं टिपलंत तर सांगा, आणि नको म्हणाली तर पुसून टाका. बाजारातला सामूहिक गलका वेगळा, शेजाऱ्यांचं भांडण वेगळं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात यंत्र खिशात लपवण्यापेक्षा गळ्यात उघड लटकवा. दोघं-तिघं ‘कितें हें?’ विचारतात, मग विसरून जातात.

घरी आल्यावर

त्याच दिवशी ऐका आणि नाव द्या: ‘२०२५-०६-१४ ०५४० सोपा पदेर पाऊस थांबल्यावर’. आठवड्यानंतर सगळे पाऊस सारखे वाटतात. मूळ फाईलला हात लावू नका, प्रतीवर काम करा. आवाज संपादनाचं ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. ६० ते ८० हर्ट्झखालचं कापा, सुरुवात-शेवट दोन-तीन सेकंदांत हळू उघडा-मिटा, पातळी उचला, आणि थांबा. नॉइज रिडक्शनचा मोह आवरा. आपण नॉइजच तर टिपायला गेलो होतो.

तीन प्रती ठेवा, त्यातली एक घराबाहेर. लोकांना द्यायच्या असतील तर ही संकेतस्थळं आहेत: फ्रीसाउंड, जगाच्या नकाशावर आवाज ठेवणारं रेडिओ अपोरी, आणि पक्ष्यांसाठी झेनो-कँटो.

गेल्या उन्हाळ्यात मी माळ्यावरची कप्पी उतरवली आणि विहिरीवर पुन्हा बांधली. तेल घातलं नाही. नायलॉनच्या दोराने ती नुसती घसरली, आवाजच नाही. सुंभाचा दोर आणला, भिजवला, तेव्हा कुरकुरली. भरलेली कळशी वर येताना सूर बदलला, पण आईचं म्हणणं, आजी दोर थांबत थांबत ओढायची, तू सलग ओढतोस. फाईलच्या नावात मी ‘पुन्हा केलेला’ असं लिहून ठेवलं आहे.